दीपगृहापुढं पेटी बंद

बर्फाच्या कारखान्याच्या दाराला काहीही चिकटत नाही. आतून थंडी, बाहेरून दमट हवा, त्यामुळं दार बारा महिने घामाघूम. गोंद लावा, चिकटपट्टी लावा, नाहीतर हात जोडा... कागद सुळकन खाली. बंदरातल्या कुत्र्यालासुद्धा हे ठाऊक आहे. त्या सकाळी मात्र एक माणूस त्या दाराशी झटापट करत होता आणि मी आतल्या काचेतून फुकटचा तमाशा बघत होते.

कागद वर, कागद खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. भुरभुर पाऊस, चष्म्यावर थेंब, दातांत चिकटपट्टीचा तुकडा, आणि चेहऱ्यावर असा निर्धार की जणू किल्ला लढवतोय. शेवटी मला दया आली. मी दार ओढलं, आणि तो ओला कागद थेट माझ्या रबरी एप्रनवर येऊन बसला. घट्ट.

“चिकटला,” तो खूश होऊन म्हणाला. मग कुठं चिकटला ते त्याच्या लक्षात आलं आणि माणूस कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

“आता दिवसभर अशीच फिरू का बंदरात?”

“फिराल?” चष्मा पुसत तो म्हणाला. “म्हणजे... दारापेक्षा जास्त लोक वाचतील.”

मला तोंडावर उत्तर देणारं माणूस या बंदरात आजवर एकच होतं, ते म्हणजे माझी आत्या.

कागद सोलून वाचला. दीपगृहाच्या पलीकडं, भर समुद्रात पवनचक्क्या उभ्या करायच्या आहेत. लोकांनी सभागृहात यावं, नकाशे बघावेत, हरकती आणि सूचना नोंदवाव्यात. खाली तारीख. ती वाचून मला हसूच आलं. त्या आठवड्यात समुद्र असा शांत होता की लंगडी बोटसुद्धा बाहेर पडली असती. मी त्याला सांगितलं, त्या दिवशी तुमच्या सभेला फक्त खुर्च्या येतील. सभा ठेवायची तर जोराचा वारा सुटेल त्या दिवशी ठेवा, तेव्हा सगळ्या बोटी धक्क्याला असतात.

“पण वाऱ्याची तारीख आधी कशी छापणार?”

“पवनचक्क्या लावायला निघालात, आणि वारा कधी येणार ते माहीत नाही?”

तो माझ्याकडं बघत राहिला. मग हसला. सावकाश, आधी डोळ्यांत आणि मग ओठांवर. मी दार लावून घेतलं. कारखान्यातली थंडी त्या दिवशी मला जरा कमीच वाटली.

तो कंपनीचा नकाशेवाला होता. नकाशे काढायचे, गावोगाव मांडायचे, लोक काय बोलतात ते लिहून घ्यायचं, हे त्याचं काम. बंदरानं दुपारपर्यंत त्याचं नाव ‘नकाशेवाला’ ठेवलं आणि विषय संपवला.

सभेला खरोखर खुर्च्याच आल्या. मी गेले ती फजिती बघायला, खोटं कशाला बोलू? मोठं सभागृह, मांडून ठेवलेली बिस्किटं, आणि भिंतीवरच्या नकाशासमोर हा एकटा, हात मागं बांधून. मला बघून त्याचा चेहरा असा उजळला की मला उगाच लाजल्यासारखं झालं. एकाच माणसासाठी त्यानं पूर्ण माहिती सांगायला घेतली.

नकाशा सुरेख होता. आमच्या प्रत्येक बोटीवर बंदर खात्यानं एक पेटी बसवली आहे. बोट कुठं आहे ते ती पेटी आकाशात कळवत राहते. त्या सगळ्या पेट्यांच्या वर्षभराच्या वाटा त्यानं रेषा काढून दाखवल्या होत्या. बंदरातून सुटलेल्या रेषा पार क्षितिजापर्यंत, जाळ्याच्या धाग्यांसारख्या. आणि त्या जाळ्याच्या मधोमध एक स्वच्छ, कोरा तुकडा.

“हा भाग आम्ही निवडला,” तो म्हणाला. आवाजात अभिमान होता. “पूर्ण रिकामा आहे. इथं कुणी जातच नाही. कुणाचंही नुकसान नको, म्हणून मीच हा हट्ट धरला.”

आयुष्यभर बर्फात काम केलंय मी. पण गार पडणं म्हणजे काय ते त्या क्षणी कळलं.

तो तुकडा म्हणजे आमची तिजोरी.

तिजोरी हे आमच्या घरातलं नाव. बाबांची मासेमारीची जागा. समुद्राच्या तळाला तिथं खडकाची खाच आहे, आणि बाकी सगळीकडं जाळी कोरडी आली तरी तिथं मासा असतोच. आजोबांनी बाबांना दाखवली, बाबांनी मला. या जागेचं नाव घराबाहेर काढायचं नाही. आणि बोट दीपगृह ओलांडून पुढं गेली की पहिलं काम, पेटी बंद. कुणी विचारलं तर बॅटरी उतरली. लहानपणी मी पाढे पाठ केले नव्हते तेव्हा हे पाठ केलं होतं.

म्हणून नकाशावर तिजोरी कोरी होती. आम्हीच ती पुसली होती.

“बरं वाटत नाहीये का?” त्यानं खुर्ची पुढं केली. मी म्हटलं, पवनचक्क्या दुसरीकडं न्या. त्यानं कारण विचारलं. मी म्हटलं, कारण नाही.

“कारण नसलेली हरकत कशी लिहू?” मग त्याचा आवाज खाली आला. “एक सांगून ठेवतो. इथं जे बोललं जातं ते सगळं मी लिहितो, आणि ते सगळ्यांना वाचायला मिळतं. तेव्हा लिहिलेलं चालणार नाही, असं काही मला सांगू नका.”

मी घरी आले ती फणफणत. ‘रिकामी’ म्हणे! समुद्र म्हणजे काय भाड्याची खोली आहे, कुणी दिसलं नाही की पाटी लावायची? बाबांना सगळं सांगितलं. ते जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला. मी म्हटलं, पुढच्या सभेत उठून सांगा. त्यांनी मान हलवली. “एकदा तोंडातून गेलं की ती आपली राहत नाही,” एवढंच म्हणाले, आणि हात धुतला.

बोललो तर सगळं बंदर तिजोरीवर तुटून पडणार. नाही बोललो तर तिथं लोखंडाचे खांब. आणि तिजोरी नसली की बाबांची बोट म्हणजे नुसतं लाकूड. ती विकून ते करणार काय? माझ्या हाताखाली बर्फ फोडणार?

नकाशेवाला बंदरातच राहिला, वाऱ्याची वाट बघत. त्यानं माझं ऐकलं होतं. पुढच्या सभेच्या कागदावर तारीखच नव्हती. ‘ज्या दिवशी बोटी धक्क्याला असतील त्या दिवशी,’ असं छापलं होतं. बंदरात लोक तो कागद एकमेकांना वाचून दाखवत होते. कंपनीचं पहिलं शहाणपण, आत्या म्हणाली.

आणि तो रोज कारखान्यात यायचा. धक्क्यावर पाय मुरगळलाय, बर्फ हवा. मी पिशवीत चुरा भरून द्यायची. तो पोत्यावर बसून घोट्याला लावायचा आणि मला नाही नाही ते प्रश्न विचारायचा. मासा किती दिवस टिकतो, बर्फ मिठानं लवकर का वितळतो, मी रागावते तेव्हा माझी एकच भुवई का वर जाते.

“काल डावा पाय होता,” एकदा मी म्हटलं.

त्यानं खाली बघितलं. पिशवी उजव्या घोट्यावर होती.

“पसरतंय ते,” तो गंभीरपणे म्हणाला. “वर चढतंय. लवकरच... छातीपर्यंत येईल.”

मी बर्फाचा एक खडा त्याच्या कॉलरमध्ये टाकला. तो किंचाळला नाही. डोळे मिटून बसून राहिला, खडा पाठीवरून वितळत जाईपर्यंत. मग म्हणाला, “आता बरं वाटतंय.” मलाच कुठंतरी गुदगुल्या झाल्या.

असं असताना लपवून किती दिवस ठेवणार? एका दुपारी, कारखान्याचं यंत्र बंद पडून सगळं शांत असताना, मी त्याला सांगून टाकलं. तिजोरी, पेटी, आजोबा, सगळं. लिहायचं नाही या अटीवर.

तो इतका पांढरा पडला की मला वाटलं आता खरोखर बर्फ लागणार.

“म्हणजे माझा नकाशा खोटा आहे,” तो म्हणाला. “मी पेट्यांना विचारलं. माणसांना विचारलंच नाही.”

“तू तो बदल. कारण सांगू नकोस.” रागात मी त्याला ‘तू’ म्हटलं ते मला नंतर कळलं.

त्याचं म्हणणं असं, की कारणाशिवाय रेष हलत नाही, आणि माहीत असून गप्प बसला तर तो खोटारडा. मी म्हटलं, आणि बोललास तर विश्वासघातकी. त्यावर तो उठला आणि निघून गेला. चांगला सरळ चालत. दोन्ही पाय ठणठणीत.

पुढं कितीतरी दिवस तो फिरकला नाही. मी बर्फ फोडत राहिले, जरा जास्तच बारीक. आत्या धक्क्यावर जाळं शिवत बसलेली असायची. येता-जाता नुसती ‘हं’ म्हणायची.

मग ढग खाली आले, हवा बदलली, आणि त्या संध्याकाळी तो दारात उभा. पाय-बिय काही नाही. त्याला बर्फाच्या पिशव्या हव्या होत्या, कोऱ्या, पारदर्शक. सभेत एका पडद्यामागं नकाशा ठेवायचा. प्रत्येक बोटमालकानं एकट्यानं आत जायचं, नकाशावर प्लास्टिक ठेवायचं, आपण कुठं मासे पकडतो तिथं पेनानं गोल करायचा, आणि प्लास्टिक खोक्यात टाकायचं. नाव नाही, गाव नाही. शेवटी सगळी एकावर एक ठेवून खिडकीला लावायची.

“इतक्या गोलांमध्ये एक गोल तुमच्या बाबांचा. कुणाचा कुठला, कुणाला कळणार? पण तिथं बोट जाते हे मात्र दिसेल, आणि मला रेष हलवता येईल.”

इतके दिवस हा माणूस माझं गुपित झाकायला कापड शोधत फिरत होता तर! मी पिशव्या कापायला घेतल्या. त्यानं कडा धरल्या. कात्री चालत होती आणि त्याचा अंगठा दर वेळी माझ्या बोटाच्या पुढंच येत होता. मुद्दाम, की... मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला, आणि सभागृहात उभं राहायला जागा उरली नाही. कंपनीच्या मोठ्या बाई आल्या होत्या, त्याच्या वरच्या. एक लिहिणारी मुलगी, समोर यंत्र. आणि आमचं सगळं बंदर. पुढच्या रांगेत मच्छीमार संघाचा अध्यक्ष, ज्याला आम्ही भोंगा म्हणतो. तो कुजबुजला तरी पलीकडच्या धक्क्यावर ऐकू जातं. आधी त्यानं कंपनीला मनसोक्त शिव्या घातल्या. ते सगळ्यांना आवडलं. मग एकेक जण पडद्यामागं जाऊन आला. येताना प्रत्येकाचा चेहरा असा, की जणू परक्या बाईचं चुंबन घेऊन आलाय. बाबाही जाऊन आले. माझ्याकडं बघितलं नाही.

नकाशेवाल्यानं प्लास्टिकांचा गठ्ठा सरळ केला, न बघता, दिलेल्या शब्दाप्रमाणे. आणि खिडकीच्या काचेवर, उजेडात लावला.

किनाऱ्याजवळ दोनचार गोल विखुरलेले. आणि मधोमध एक काळाकुट्ट डाग. गोलावर गोल, गोलावर गोल, शाई इतकी दाट की त्यातून उजेड येईना.

तिजोरीवर.

सगळ्यांचे. अख्ख्या बंदराचे.

सभागृहात वाऱ्याचा आवाज तेवढा राहिला. नकाशेवाला गठ्ठा खाली घ्यायला गेला, पण आता काय उपयोग? मी बंदराकडं बघितलं. एकही माणूस त्या खिडकीकडं बघत नव्हता. कुणी छताकडं, कुणी चपलांकडं, कुणी भिंतीकडं. सगळ्यांच्या माना वळलेल्या.

बाबा उठले. छताकडं बघतच म्हणाले, “तुमच्यात काय म्हणतात त्या जागेला?”

भोंग्याचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा बारीक निघाला. “माहेर.”

“माहेर?”

“रिकाम्या हातानं कधी परत पाठवत नाही.”

मागून कुणीतरी म्हणालं, आम्ही कपाट म्हणतो. आणखी एक म्हणाला, आमच्यात तिला नाव नाही, नुसतं ‘ती’ म्हणतो, आणि त्याच्या बायकोनं त्याच्याकडं असं बघितलं की बस्स.

नकाशेवाल्याला राहवेना. तिथं तुम्ही एकमेकांना दिसत नव्हता का, त्यानं विचारलं.

“दिसायचो की,” भोंगा म्हणाला. “दिसलं की मान वळवायची. यानं वळवायची, मी वळवायची. धक्क्यावर आलं की विचारायचं, काय, आज कुठं? हा म्हणणार उत्तरेला. मी पण म्हणणार उत्तरेला.”

मी उभी राहिले ती कशी, मला आठवत नाही. “बाबा, तुम्हाला माहीत होतं?”

“सगळ्यांनाच माहीत असतं गं. बोलायचं नसतं. बोललं की भांडण होतं. न बोलता सगळ्यांचं भागत होतं.”

मी ज्या गुपितापायी झोप गमावली, ज्या माणसाला विश्वासघातकी म्हटलं, ते गुपित बंदरातल्या प्रत्येक घरी उशीखाली होतं. आणि हे सगळे शहाणे, एकमेकांना न दिसण्याच्या नादात, आकाशालाही दिसेनासे झाले होते. थोडक्यात वाचलो. नाहीतर आमच्याच मौनावर कंपनीनं खांब रोवले असते, आणि दोष द्यायला आम्ही मोकळे.

त्या शांततेत मागून हसण्याचा आवाज आला. आत्या. डोळ्यांना पदर लावून हसत होती.

“माना वळवायच्या गोष्टी काय एकच आहे का या बंदरात?” ती म्हणाली. “आता ह्यांचाच पाय बघा. एकदा डावा, एकदा उजवा. आम्ही सगळ्यांनी वळवल्या की माना. अहो जावईबापू, आता तरी सांगा, दुखतंय नक्की कुठं?”

सगळं सभागृह हसलं. जावईबापू! भर सभेत! अजून आमच्यात काहीच झालं नव्हतं. कात्री, अंगठा, एक बर्फाचा खडा... एवढाच काय तो ऐवज.

मोठ्या बाई मात्र हसल्या नाहीत. हरकत घेणाऱ्या घराशी तुमचा काही संबंध आहे का, त्यांनी त्याला विचारलं. असेल तर या कामावर तुम्हाला राहता येणार नाही, तो नियम आहे.

‘नाही’ म्हणायला त्याला काहीच अडचण नव्हती. खोटंही झालं नसतं.

त्यानं माझ्याकडं बघितलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“माझ्या बाजूनं आहे,” तो म्हणाला. “त्यांच्या बाजूचं मला माहीत नाही. विचारलेलं नाही.”

लिहिणाऱ्या मुलीची बोटं थांबली. हे नोंदीत घ्यायचं का, तिनं विचारलं.

“घ्या. इथं बोललेलं सगळं नोंदीत जातं.”

त्यानं गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. मोठ्या बाई खिडकीतल्या काळ्या डागाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, हा नकाशा रद्द. नवीन माणूस येईल, या वेळी बोटींवर बसून पाहणी होईल, मगच रेष ठरेल. लोक ओरडायला लागले, काही आनंदानं, काही सवयीनं. पवनचक्क्या जाणार नव्हत्या, पण निदान आम्ही तिथं आहोत हे लिहिलं गेलं होतं. आणि मी, जिच्या तोंडाला सगळं बंदर टरकतं, ती तोंडातून शब्द न काढता सभागृहाबाहेर पडले.

सकाळी तो कारखान्यात आला. वारा पडला होता.

“आज कोणता पाय?”

“दोन्ही चांगले आहेत. नोकरी तेवढी लंगडतेय.” त्याला दुसऱ्या कचेरीत धाडलं होतं, रस्त्यांचे नकाशे काढायला. मग तो दाराकडं बघत म्हणाला, “नोंदीत तुमचं म्हणणं राहिलंय.”

मी उत्तर देणार तेवढ्यात बाबा बर्फाला आले. त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. “ज्या जागेपायी नोकरी घालवली ती बघितलीस का कधी?” त्यांनी विचारलं. त्यानं मान हलवली. “मग चल.” मग माझ्याकडं वळून, जरा खाकरून, “तू पण ये.”

नकाशेवाला समुद्राचा माणूस नव्हताच. धक्का सुटताच त्याचा रंग बदलला, आणि दीपगृह येईपर्यंत तो कठड्यावर ओणवा झाला होता. मी त्याच्या मानेवर बर्फाची पिशवी धरली. या वेळी दुखणं खरं होतं. दीपगृह मागं पडलं. बाबांचं बोट सवयीनं पेटीच्या बटणाकडं गेलं. तिथं थांबलं. मग त्यांनी ते बोट आपल्या पँटला पुसलं आणि सुकाणू धरलं.

तिजोरीवर भोंग्याची बोट आधीच उभी होती. आम्हाला बघून त्यानं हात वर केला. पहिल्यांदाच. मग त्याला माझा हात दिसला. पिशवी धरलेला नव्हे, दुसरा, नकाशेवाल्याच्या हातात असलेला.

“लिहून घे,” मी म्हटलं.

“काय?” ओठ पुसत, कसाबसा उभा राहत त्यानं विचारलं. डोळ्यांत पाणी, केस खारे, इतका वाईट दिसणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता. आणि मला दुसऱ्या कुणाकडं बघवत नव्हतं.

“माझी हरकत नाही.”

भोंग्यानं मान वळवली. त्याच्या बोटीवरच्या सगळ्यांनी वळवली. बाबांनीही वळवली, अगदी पार उत्तरेकडं.

पेटी मात्र चालूच होती.